सरी संपेपर्यंत

बटाट्याची काढणी सुरू होऊन चार दिवस झाले होते, आणि चारही दिवस आक्का आणि तिचा भाऊ एकाच गोष्टीवरून भांडत होते. भाऊ म्हणायचा, मी बांधावर बसून बटाटे निवडतो. आक्का म्हणायची, तू घरात गुमान पडून राहा. भांडण रोज सकाळी नव्याने व्हायचं आणि रोज भाऊच जिंकायचा, कारण एकटीला काढणी उरकत नाही हे आक्काला ठाऊक होतं आणि आक्काला ते ठाऊक आहे हे भावाला ठाऊक होतं.

"वारं बघ कसं सुटलंय," आक्का म्हणाली. "सगळी माती उडून तुझ्या नाकातोंडात जाणार. मग धाप लागली की मला हाका मारशील."

"मी कधी हाका मारल्या?"

"मारत नाहीस, तेच तर. मारल्या असत्यास तर मला कळलं तरी असतं."

तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. खोकला सरेपर्यंत आक्का कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. मग काहीच झालं नाही अशा थाटात सरीत उतरली.

गावात त्याला फौजी म्हणत. अठरा वर्षं लष्करात काढून चार वर्षांपूर्वी तो परत आला तेव्हा हातात पत्र्याची पेटी होती, गणवेशावर दोन पदकं होती आणि छातीत धूर होता. दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली, आत अडकलेल्यांना काढायला पाच जण शिरले, त्यांतला हा एक. माणसं बाहेर आली. धूर मात्र ह्याच्या फुप्फुसात मुक्कामालाच राहिला. उपचारांचं कार्ड मिळावं म्हणून त्याने अर्ज केला, तर दोन वर्षांनी उत्तर आलं की हा आजार सेवेतला नाही, शेतातल्या धुळीचा आहे. पत्र आणणाऱ्या पोस्टमनला आक्काने तिथल्या तिथे फैलावर घेतलं. "शेतात हा होता कधी? अठरा वर्षं तुमच्याकडेच तर होता." पोस्टमन बिचारा सायकलला टांग मारून निघून गेला.

आक्का त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून सगळं तिनेच केलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती परत ह्याच घरात, ह्याच जमिनीवर आली. फौजीने लग्न केलंच नाही. सुट्टी कधी पुरली नाही, असं तो म्हणायचा. आक्का त्याला अजून बारक्याच म्हणायची. चव्वेचाळीस वर्षांचा, सहा फूट उंचीचा बारक्या.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. आक्का कुदळीने सरी उकरत जायची, मागे फिरून बटाटे पाटीत वेचायची आणि पाटी बांधावर ओतायची. फौजी उपड्या क्रेटवर बसून त्यांचे तीन ढीग करायचा. एक बाजाराचा, एक बेण्याचा आणि एक कुदळ लागलेल्या बटाट्यांचा, म्हणजे घरी खायचा. ढीग कसले, पलटणीच होत्या त्या. मोठे मागे, लहान पुढे, सगळ्यांची तोंडं एकीकडे.

"अरे, खायचेत ते," आक्का म्हणायची. "त्यांच्याकडून कवायत नाही करून घ्यायची."

"तू उकर. निवडायचं माझ्याकडे आहे."

आणि सगळा वेळ तो खोकत असायचा. नवख्या माणसाच्या अंगावर काटा यावा असा तो खोकला होता, फाटक्या पोत्यातून खडे ओतल्यासारखा. पण आक्काचा कान त्याला इतका सरावला होता की पाठ करून उकरत असली तरी भाऊ कुठे आहे, बसलाय की उभा आहे, पाणी प्यायलाय की नाही, हे तिला बरोबर कळायचं. रात्रीसुद्धा भिंतीपलीकडून तो खोकत असला की तिला गाढ झोप लागायची. खोकला थांबला की जाग यायची. पुन्हा सुरू झाला की ती कुशीवर वळायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं तिला वाटायचं.

त्या चौथ्या दिवशी रस्त्यावर जीप थांबली. टपावर भोंगा, दोन्ही बाजूंना कुण्या साहेबाचा हात जोडलेला फोटो. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. जीपमधून दोघे उतरले. पुढच्याच्या काखेत जाडजूड फाइल होती. मागच्याच्या गळ्यात यंत्र लटकत होतं आणि कानांवर डबे होते.

"फौजी तुम्हीच ना?" फाइलवाला म्हणाला. "तुमचा अर्ज वाचला आम्ही. फार अन्याय झालाय तुमच्यावर. आमच्या साहेबांनी ह्या वेळी हाच मुद्दा घेतलाय. माजी सैनिकाला तीस दिवसांत उपचार, आणि गावागावात दवाखाना. पण हे साहेबांनी सांगून लोकांना पटत नाही. तुमच्यासारख्याने सांगितलं तर पटेल. चार वाक्यं बोला फक्त."

"आणि ह्याला काय मिळणार?" आक्काने सरीतूनच विचारलं.

"आक्का, तू थांब जरा."

"का थांबू? हे अन्याय वाचून आलेत. वाचून झाल्यावर काय करणार तेही सांगू देत की."

फाइलवाला ओशाळला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता, आणि घाईतली माणसं कबूल फार पटकन करतात. "शहरातल्या मोठ्या इस्पितळात छातीचा वेगळा विभाग आहे," तो म्हणाला. "तिथले मुख्य डॉक्टर साहेबांच्या ओळखीचे आहेत. खाट मिळवून देतो. सोमवारी सकाळी गाडी पाठवतो, इथेच, ह्या रस्त्यावर. मग तर झालं?"

फौजीने आक्काकडे पाहिलं नाही. त्याने शर्टाची वरची गुंडी लावली आणि म्हणाला, "काय बोलायचं ते सांगा."

वाऱ्याचा आवाज नको म्हणून ते तिघे अवजारांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. चार वाक्यांना पाऊण तास लागला. बाहेर आक्काला शब्द ऐकू येत नव्हते, खोकला तेवढा ऐकू येत होता. चार-दोन शब्द झाले की खोकला, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा खोकला. ती उकरत राहिली.

जीप गेल्यावर ती म्हणाली, "शनिवारचं काय मग?"

शनिवारी बाजारगावात महिन्यातून एकदा छातीचा डॉक्टर यायचा, आणि दूधवाला आपल्या गाडीत पुढची जागा फौजीसाठी धरून ठेवायचा. ह्या महिन्याचा शनिवार परवावर आला होता.

"शनिवारी नको," फौजी म्हणाला. "दूधवाल्याच्या गाडीत हाडं खिळखिळी होतात. गेल्या खेपेला दोन दिवस उठलो नाही. आणि तो डॉक्टर देऊन देऊन काय देतो, बाटली. सोमवारी खाट मिळतेय, आक्का."

"खाट दिसली का तुला? मला तर फाइल दिसली."

"शब्द दिलाय त्याने."

"शब्द तुला भरती होतानाही दिला होता. तो पोस्टमनच्या सायकलवरून परत आला."

फौजीच्या डोळ्यांत एवढी आशा होती की आक्काला पुढचं बोलवलं नाही. चार वर्षांत तो पहिल्यांदाच कशाची तरी वाट बघत होता. ती म्हणाली, बरं बाबा, सोमवार तर सोमवार. ह्या 'बरं बाबा'साठी तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

शनिवारी दूधवाला रिकाम्या हातांनी आला नाही. फौजीची जागा त्याने खालच्या आळीतल्या सुताराला दिली, पण डॉक्टरला विचारून खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आला. "रोजची दोन झाकणं," तो आक्काला म्हणाला. "ह्याने झोप लागेल म्हणालेत. आणि लवकर आणून दाखवा, असंही म्हणालेत."

"सोमवारी नेणारच आहेत," आक्का म्हणाली.

सोमवारी फौजीने पेटीतून गणवेश काढला. तो अंगावर असा लोंबत होता की जणू थोरल्या भावाचा मागून आणलाय. आक्काने पाठीमागे चार टाके घालून तो आवळला. टाके कच्चेच घातले. तब्येत सुधारली की उसवायला बरे, असं म्हणाली. आपला क्रेट उचलून तो रस्त्याच्या कडेला, शेताच्या तोंडाशी, झाडाखाली जाऊन बसला. पिशवीत दोन कपडे, टॉवेल, ते पत्र आणि औषधाची बाटली. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं, फौजी, कुठे निघालात, तर मान ताठ करून सांगायचा, शहराला, इस्पितळात, गाडी येतेय. आक्का शेतात उकरत होती. दुपार झाली, ऊन कललं, रस्त्यावरून गुरं घरी गेली. गाडी आली नाही.

"उद्या येईल," तो म्हणाला. "वेळेचा काहीतरी घोटाळा झाला असेल."

मंगळवारी दूधवाल्याने जीपवाल्यांच्या प्रचारपत्रकावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून कुणीतरी सांगितलं की गाडी सभेच्या खुर्च्या वाहतेय, खुर्च्या उतरवल्या की निघेल. फौजीने हे ऐकून समजूतदारपणे मान हलवली. लष्करात गाड्यांचं हे असंच असतं, म्हणाला. दोन झाकणं औषध घेतलं आणि झाडाला टेकून बसला.

दुपारी खोकला थांबला.

आक्काने हातातली कुदळ टाकली आणि सरी तुडवत, ढेकळांना ठेचकाळत रस्त्याकडे धावली. त्याची मान एका खांद्यावर कलली होती, तोंड अर्धवट उघडं होतं. तिने त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. तो दचकून उठला आणि उठताच खोकल्याने असा बेजार झाला की डोळ्यांतून पाणी आलं.

"झोपलो होतो गं," तो कसाबसा म्हणाला. "किती दिवसांनी डोळा लागला होता. औषधाला गुण आला होता. तू घालवलंस."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला. पण आता ऐक. पुन्हा माझा डोळा लागला तर हातातली सरी संपेपर्यंत इकडे फिरकायचं नाही. सरी संपव, मग ये. तेवढी झोप तरी मिळू दे मला. वचन दे."

"बटाट्याची सरी ही. तिचं कसलं वचन देतात?"

"दे म्हणतो ना."

तिने दिलं. लहानपणी झोपेतून उठवलं की तो असाच चिडायचा, दिवसभर बोलायचा नाही. तेच तोंड आताही केलं होतं त्याने. ती परत शेतात गेली तेव्हा तिला थोडं हसूही आलं होतं.

बुधवारी आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. वारं पडलं होतं आणि माती दमट होऊन कुदळीला चिकटत होती. दोनच सऱ्या राहिल्या होत्या. फौजी सकाळीच गणवेश चढवून जागेवर जाऊन बसला होता. आज निवडायला हवेत मला, असं म्हणून त्याने बेण्याचे बटाटेही तिकडेच मागवून घेतले होते. अलीकडची सरी अर्धी झाली असेल नसेल, खोकला थांबला.

आक्काचा हात थांबला. तिने कान दिला. रस्त्यावरून काहीच ऐकू येत नव्हतं. पाऊल आपसूक उचललं गेलं, आणि मग तिला वचन आठवलं. लागला वाटतं डोळा, ती मनाशी म्हणाली. झोपू दे. कालच्यासारखं नको करायला. कुदळीचा आवाज होऊ नये म्हणून ती हळूहळू उकरू लागली. दगड लागला तर हाताने काढून अलगद बाजूला ठेवायची. मध्येच तिला बरं वाटलं, खरोखर बरं वाटलं, की चार वर्षांत इतकी शांतता ह्या शेतात पहिल्यांदाच आहे आणि त्या शांततेत आपला भाऊ झोपलाय. सरी संपायला अर्धा तास लागला. शेवटच्या बटाट्यापर्यंत तिने वेचले. मग पाटी डोक्यावर घेऊन, पायांचा आवाज न करता ती झाडाकडे गेली.

बेण्याचे बटाटे रांगेत लावलेले होते. शेवटची रांग अर्धीच होती. एक बटाटा त्याच्या मुठीत होता.

फौजीला पोचवून आठ दिवस झाले. शेजारणी येऊन बसायच्या, म्हणायच्या, झोपेतच गेला, सुटला बिचारा, त्याला कळलंही नसेल. आक्का ऐकून घ्यायची. झोपेत गेला की जागेपणी, त्याने मला हाक मारली की नाही, हात हलवला की नाही, हे कोण सांगणार, असं तिच्या मनात यायचं. मी शंभर पावलांवर होते आणि आवाज न करता बटाटे काढत होते. हे तिने एकट्या दूधवाल्याला सांगितलं. तो मान खाली घालून कॅनची झाकणं लावत राहिला. घरात झोप लागत नव्हती. इतक्या शांततेत माणसाला झोप लागते कशी, हेच ती विसरली होती. शेतातली शेवटची सरी तशीच पडून होती. शेजाऱ्यांनी काढून देतो म्हटलं, तिने हात लावू दिला नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती भांडी घासत होती आणि बाहेरून तिचा भाऊ बोलला.

"मी एक माजी सैनिक. अठरा वर्षं मी देशाची सेवा केली. आज श्वास घेण्यासाठी मला मदत हवी आहे. ती मलाच नाही, माझ्यासारख्या प्रत्येकाला मिळायला हवी. सैनिकाला तीस दिवसांत उपचार, प्रत्येक गावात दवाखाना. विचार करून मत द्या."

हातातलं भांडं तसंच टाकून ती राखेच्या हातांनी रस्त्यावर आली. जीप शेतापाशी वळत होती. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली तेव्हा ड्रायव्हरला ब्रेक दाबावाच लागला.

कानांवर डबे लावणारा तो यंत्रवाला खाली उतरला. फाइलवाला बरोबर नव्हता. "काय झालं, मावशी?" त्याने विचारलं, मग तिला ओळखलं. "अहो, तुम्ही. कसे आहेत फौजी? इस्पितळात पोचले ना?"

"गाडी आली नाही," आक्का म्हणाली. "तो गेला. आज नऊ दिवस झाले."

यंत्रवाल्याने डबे कानांवरून काढून हातात घेतले. भोंगा चालूच होता, फौजी तीस दिवसांत उपचार मागत होता. त्याने घाईघाईने बटण दाबून तो बंद केला. "आम्हाला कुणी सांगितलं नाही हो," तो म्हणाला. "मी आजच थांबवतो हे. कुणाला काय बोलायचं ते बोलू देत."

आक्का भोंग्याकडे बघत होती. "हा त्याचा आवाज नाही," ती म्हणाली.

"त्यांचाच आहे, मावशी. तुमच्याच शेतावर तर घेतला."

"मग खोकला कुठे गेला?"

"तो काढला आम्ही," तो म्हणाला. "म्हणजे कापला. ऐकायला बरं वाटत नाही ना लोकांना. यंत्रावर सोपं असतं ते."

"टाकून दिला?"

"टाकून नाही दिला अजून. मूळ सगळं आहे इथेच. पुसायचं राहून गेलंय."

"ते लावा."

"मावशी, कशाला त्रास करून घेता? नुसता खोकलाच आहे त्यात."

"तेच लावा. ह्याच्यावर लावा, भोंग्यावर."

त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने तोंड फिरवलं. मग त्याने यंत्रात काहीतरी शोधलं, आणि भोंग्यातून फौजी खोकला. झाडावरची पाखरं उडाली. आक्का डोळे मिटून उभी राहिली, राखेचे हात लुगड्याला पुसत, आणि किती दिवसांनी तिच्या खांद्यांतला ताण उतरला. फौजी खोकत होता, थांबून दम घेत होता, चार शब्द बोलून पुन्हा खोकत होता. मध्येच फाइलवाल्याचा आवाज आला, पाणी देऊ का. आणि मग दबक्या आवाजात भाऊ बोलला.

"गाडी नक्की पाठवा हो. माझं काही नाही, पण तिला झोप नाही. चार वर्षं माझ्या खोकल्याने डोळ्याला डोळा लागला नाही तिचा. मी थोडे दिवस तिकडे राहिलो तर ती झोपेल तरी."

आक्काने डोळे उघडले. यंत्रवाल्याने बंद करायला हात पुढे केला तसा तिने तो धरला.

"चालू राहू दे," ती म्हणाली. "माझी एक सरी राहिलीय."

ती शेतात गेली. अवजारांच्या खोलीतून कुदळ आणली, पदर खोचला आणि शेवटच्या सरीत उतरली. रस्त्यावर, झाडाखाली, जिथे क्रेट अजून उपडा पडला होता, तिथून खोकला येत होता. ती उकरू लागली. माती भुसभुशीत होती, बटाटे वर येत होते, कुदळ खोकल्याच्या लयीत चालत होती. रस्त्यावर दूधवाला येऊन थांबला. दोन शेजारणी थांबल्या. आक्का एकदाही मागे वळून बघत नव्हती. तिला बघायची गरज नव्हती. तो बसलाय, पाणी प्यायलाय, आता थोडा दमलाय, हे तिला सगळं ऐकू येत होतं.

सरी अर्धी झाली आणि भोंग्यातलं संपलं. शेतभर शांतता झाली.

आक्काने कुदळ टाकली. सरी तिथेच सोडून, पाटीला ठेच लागून बटाटे चहूकडे पांगले तरी न थांबता, ती झाडाकडे धावत सुटली.